पत्रादेवी ते पोळे: महामार्गावर फोटोचे थांबे कसे हेरावेत

पनवेलहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पत्रादेवीला गोव्यात शिरतो आणि पोळ्याहून कर्नाटकात जातो. मधलं अंतर दीडशे किलोमीटरच्या आतलं. मुंबई-पुण्याहून गोकर्ण, उडुपी, मंगळूरकडे निघालेली मंडळी हा टप्पा एका दमात पार करतात आणि वर सांगतात, की गोव्यात रस्त्याकडेला फोटो काढण्यासारखं काही नाही, जे आहे ते किनाऱ्यावर. इथे राहणाऱ्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं. महामार्गापासून एक-दोन किलोमीटरच्या आत खाजन शेती आहे, मिठागरं आहेत, पावसानंतर फुलांनी भरणारे सडे, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे माळ आहेत, फेरीबोटीचे धक्के आहेत. ते दिसत नाहीत, कारण रुंदीकरणानंतर रस्ता बऱ्याच ठिकाणी भरावावर चढलाय आणि दोन्ही बाजूंना कठडे आलेत. त्यात ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. जागा नजरेत भरून, शेजारच्याला दाखवून, ‘थांबूया का’ म्हणेपर्यंत ती शंभर मीटर मागे पडलेली असते. मग करकचून ब्रेक लागतो, मागून ट्रकचा हॉर्न येतो, आणि अपघाताला निमंत्रण मिळतं.

माझं मत ठाम आहे. फोटोचा थांबा गाडी चालवताना शोधायचा नाही, घरी नकाशावर शोधायचा. आणि तो महामार्गावर शोधायचाच नाही. तो जुन्या रस्त्यावर सापडतो. पुढे जी पद्धत सांगतोय ती कुठल्याही महामार्गाला लागू पडेल, पण उदाहरणं गोव्याची देतो, कारण इथली माती मला ठाऊक आहे.

नकाशावर काय हेरायचं

निघण्याच्या आधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा. मोबाइल पुरत नाही, मोठा पडदा घ्या. उपग्रहाचं दृश्य लावा आणि महामार्गाच्या रेषेवरून सावकाश खाली सरका. ‘फोटो पॉइंट’ असं टाइप करून शोधू नका. त्यातून तेच चार धबधबे आणि तीच एक नारळांची रांग निघते, जिथे आधीच गर्दी आहे.

पहिल्यांदा बघा, महामार्ग कशाला ओलांडतो. गोव्यातल्या नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राकडे जातात आणि महामार्ग उत्तर-दक्षिण धावतो, त्यामुळे शापोरा, मांडवी, झुआरी, तळपण, गालजीबाग अशा एकेका नदीवर पूल येतो. पुलावर थांबता येत नाही, थांबूही नये. पण प्रत्येक पुलाच्या दोन्ही तीरांवर एक जुनं गाव असतं आणि त्या गावातून नदीकडे उतरणारी एक वाट असते. पूल होण्याआधी लोक होडीने किंवा फेरीबोटीने जायचे, त्या धक्क्याकडे जाणारी ही वाट. आगशी आणि कुठ्ठाळीच्या मध्ये झुआरीवर पूल नव्हता तेव्हा फेरीबोटच चालायची. तीराजवळची ही वाट सापडली की थांबा सापडला म्हणून समजा.

दुसरं, जुन्या रस्त्याची रेषा. जिथे नवा रस्ता सरळ आणि रुंद जातो, तिथे त्याच्या आजूबाजूला एक बारीक, वळणं घेणारी रेषा दिसेल. तोच पूर्वीचा महामार्ग, ज्याला आमच्याकडचे वडीलधारे अजून ‘सतरा नंबर’ म्हणतात. देऊळ, कपेल (छोटं चर्च), पिंपळाचा पार, पदेर, म्हणजे पाववाला, सायकल घेऊन थांबतो ते दुकान, हे सगळं त्या जुन्या रेषेवर आहे.

तिसरं, चौकोन. उपग्रहाच्या चित्रात खाडीलगत लहान लहान काटकोनी खण दिसले तर ते मिठागर. मोठे, वेडेवाकडे तुकडे आणि त्यांना खाडीपासून तोडणारा बांध दिसला तर ते खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली सखल शेती.

चौथी खूण उपग्रहात दिसत नाही. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे बघावे लागतात. त्यांत उंचीच्या रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. रेषा दाट होत होत एकदम संपतात आणि पुढे कोरी मोकळी जागा येते, तो सड्याचा काठ. खालचं सगळं खोरं तिथून दिसतं.

या चारांतलं काहीही दिसलं की खूण करा. पहिल्या फेरीत पंधरा-वीस खुणा झाल्या तरी चालेल. त्यांतल्या बहुतेक पुढच्या दोन चाळण्यांत गळतील.

पहिली चाळणी: डावी बाजू

आपण डावीकडून गाडी चालवतो आणि महामार्गाच्या मध्ये दुभाजक आहे. उजवीकडची जागा कितीही सुंदर असली तरी तिथे पोचायला पुढच्या उड्डाणपुलाखालून वळून यावं लागतं. म्हणून दक्षिणेकडे जाताना पूर्वेकडचे, म्हणजे डोंगराच्या बाजूचे थांबे निवडा. पश्चिमेचे, म्हणजे खाडी आणि समुद्राच्या बाजूचे, परतीसाठी ठेवा. एवढं एक केलं तरी निम्मा त्रास वाचतो.

याला उजेडाची जोड दिली की गंमत येते. संध्याकाळी दक्षिणेकडे जात असाल तर सूर्य उजव्या खांद्यावर असतो आणि डावीकडचे डोंगर, देवळं, शेतं समोरून उजळतात. सकाळी उत्तरेकडे जाताना याच्या उलट, खाडीची बाजू समोरून उजळते. काळ्या आकृत्या, धुक्यातून येणारे झोत, पाण्यावरची चमक हवी असेल तर वेळ उलटी घ्या: सकाळी दक्षिणेकडे, संध्याकाळी उत्तरेकडे. कोणता फोटो हवा ते आधी ठरवा, प्रवासाची दिशा आणि वेळ त्यावरून ठरेल. एरवी आपण निघण्याची वेळ ठरवतो ती जेवणाच्या हिशेबाने.

दुसरी चाळणी: सूर्य आणि भरती

गोव्यात डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. जूनअखेर सहा वाजून गेल्यावर उगवतो आणि सातनंतर मावळतो. मावळण्याची जागाही सरकते. डिसेंबरात ती ठीक पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला असते, जूनमध्ये जवळपास तेवढीच उत्तरेला. पुलाच्या दोन खांबांमध्ये सूर्य हवा असेल तर हा फरक फार मोठा आहे. सूर्याची दिशा नकाशावर दाखवणारी मोबाइल ॲप मिळतात. तुमच्या तारखेला तपासून घ्या.

याहून महत्त्वाची गोष्ट लोक विसरतात. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो. क्षितिजावर सहा अंशांवरून मावळेपर्यंत त्याला २५ मिनिटांच्या आसपास लागतात. युरोपातले छायाचित्रकार ज्या लांबलचक सोनेरी वेळेबद्दल लिहितात ती इथे नाही. म्हणून एका सकाळी एकच मुख्य थांबा आणि एका संध्याकाळी एकच. दोन ठिकाणं गाठायला गेलात तर दोन्हीकडचा उजेड हुकेल. मधल्या वेळेसाठी झाडांची सावली, देवळाचा सभामंडप, बाजार असे थांबे ठेवा. डोक्यावरचा सूर्य इथे बाराला नसतो, साडेबाराच्या सुमारास असतो. अकरा ते अडीच उघड्या मैदानातले फोटो काढण्यात अर्थ नाही. पावसाळी ढग असतील तर मात्र हा नियम बाजूला ठेवा. ढगाळ दुपारी भातशेतीचा हिरवा रंग जसा उतरतो तसा उन्हात उतरत नाही.

आता भरती. खाडीकाठचा कोणताही थांबा भरती-ओहोटी न बघता ठरवू नका. भरतीला पाणी बांधाला टेकतं आणि प्रतिबिंब मिळतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि बगळे, तुतारी, कुदळ्या खाण्यासाठी उतरतात. किनारपट्टीवरचा जुना हिशेब आजही उपयोगी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्येलाही पौर्णिमेसारखंच. म्हणजे सकाळच्या पहिल्या उजेडात भरलेली खाडी हवी तर अष्टमीच्या आसपास या, आणि चिखलातले पक्षी हवेत तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. नदीच्या मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा, पण तारीख निवडायला कालनिर्णय पुरतं.

गाडी कुठे लावणार

हे ठरल्याशिवाय कोणतीही खूण पक्की करू नका. उपग्रहात झूम करून बघा: देवळासमोरचं पटांगण, पंचायतीचं मैदान, फेरीच्या रांगेच्या बाजूची मोकळी जागा, जुन्या रस्त्याचा वापरात नसलेला तुकडा. ‘रस्त्याच्या कडेला लावू’ हे उत्तर नाही. शेतात जाणाऱ्या वाटेच्या तोंडावर गाडी लावणं तर नकोच. कापणीच्या दिवसांत तिथूनच मळणीयंत्र यायचं असतं, आणि शहरातली गाडी आडवी बघून शेतकऱ्याचा संताप होतो, तो रास्तच आहे.

गाडीपासून दृश्यापर्यंत पायी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण प्रवास पुढे आहे. ठरलेल्या खुणा नकाशाच्या ॲपमध्ये स्वतंत्र यादी करून साठवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. काणकोणच्या डोंगराळ भागात आणि मोलेच्या जंगलात मोबाइलची रेंज जाते. खूण नेहमी गाडी लावायच्या जागेवर टाका, दृश्यावर टाकू नका. नाहीतर ॲप तुम्हाला नदीच्या मधोमध न्यायला बघतं.

एक दिवस, उत्तरेकडून दक्षिणेकडे

पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी इथे गोळीबार केला. फोटो निघो न निघो, इथे पाच मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

धारगळ ओलांडून शापोरा नदीवरच्या पुलावरून गेलात की कोलवाळ. पूल संपल्यावर सेवारस्त्याने गावात शिरा आणि नदीकाठाकडे जा. थंडीच्या दिवसांत सकाळी पाण्यावरून वाफ उठते आणि सूर्य नदीच्या वरच्या अंगाने येतो. म्हापसा शुक्रवारी टाळा, बाजाराचा दिवस असतो. बाजार हाच विषय असेल तर मात्र शुक्रवारच धरा. पर्वरीत न थांबता पुढे व्हा.

पणजीला महामार्ग अटल सेतूवरून मांडवी ओलांडतो. २०१९ साली सुरू झालेला हा पूल पोचरस्त्यांसह पाच किलोमीटरहून लांब आहे. दुचाकीला त्यावर परवानगी नाही, थांबायला कुणालाच नाही. पूल बघायचा तर खालून बघा. पणजीतून रायबंदरकडे जाणारा जुना बांधरस्ता घ्या. पोर्तुगिजांनी तो सतराव्या शतकात १६३३-३४ च्या सुमारास बांधला, लांबी तीन किलोमीटरहून जास्त, आणि त्यावरून आजही वाहतूक चालते. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला मिठागरं. या बांधावर गाडी उभी करायला जागा नाही हे लक्षात ठेवा. रायबंदर गावात लावून चालत मागे या. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणजे मिठागरांच्या अंगाने, आणि पाणी भरलेले खण एकेक करून पेटत जातात. मिठाचे ढीग हवे असतील तर मार्च ते मे यावं लागेल.

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला फेरीबोट जाते. माझ्या मते गोव्यातल्या रस्त्याच्या प्रवासातला हा सगळ्यात चांगला थांबा आहे, कारण इथे गाडी चालत नसते आणि तुम्ही मात्र पुढे सरकत असता. फेरीवर पुढच्या झडपेच्या बाजूला उभं राहायला मिळालं तर खारफुटीची रेषा सरळ अंगावर येते. पलीकडे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पण मी म्हणेन खाजनाच्या बांधावर जा आणि एक मानस शोधा. मानस म्हणजे बांधात बसवलेली पाण्याची दारं. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं तेव्हा ती बंद होतात. ओहोटी लागली, आतल्या पाण्याची पातळी वर राहिली, की ती आपोआप बाहेरच्या बाजूला उघडतात. हा क्षण टिपण्यासारखा आहे. आधी दोन फळ्यांच्या फटीतून पाण्याची एक पातळ धार सुटते. फळ्या थरथरतात. मग ओल्या लाकडाचा एक कण्हता आवाज येतो आणि दार हातभर उघडतं, पाणी भोवरा घेत खाडीत उतरतं. बगळ्यांना हे वेळापत्रक पाठ असतं. ते आधीच काठावर येऊन बसलेले असतात, कारण पाण्याबरोबर मासळी बाहेर येते. शटरचा वेग सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास ठेवला आणि हात बांधाच्या दगडावर टेकवला तर पाणी वाहतं दिसतं आणि बगळा स्थिर राहतो. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो, तेव्हा तिथल्या जाळ्याला हात लावू नका आणि कुणी काम करत असेल तर विचारूनच पुढे व्हा.

पणजीनंतर बांबोळीचा चढ, मग गोवा वेल्हा. इथून पिलारच्या टेकडीवर गाडीने जाता येतं. वरून शेतं आणि झुआरीचं पात्र एका नजरेत येतं. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवं, ऑक्टोबरात कापणीचं पिवळं. पुढे आगशी. झुआरीवरचा नवा केबलचा पूल २०२२ च्या डिसेंबरअखेर वाहतुकीला खुला झाला. शेजारी जुना पूल आणि कोकण रेल्वेचाही पूल आहे. तिन्ही एका चौकटीत घ्यायचे तर कुठ्ठाळीच्या बाजूला फेरीच्या धक्क्याकडे उतरा. लांब भिंगाने पूल एकमेकांवर चढलेले दिसतात, रुंद भिंगाने ते लांब आणि किरकोळ होतात. अशा ठिकाणी लोक सवयीने रुंद भिंग लावतात, मी लांब लावायला सांगेन.

वेर्णा ते मडगाव हा भाग फोटोसाठी सोडून द्या. कुंकळ्ळीत १५८३ च्या उठावाचं स्मारक आहे. बाळ्ळीनंतर डोंगर जवळ येतात आणि करमल घाट सुरू होतो. या घाटात कुठेही थांबू नका. झाडी सुंदर आहे, पण रस्ता अरुंद, वळणं आंधळी, बाजूला गाडी घ्यायला जागा नाही. खिडकीतून बघा आणि पुढे चला.

घाट उतरल्यावर काणकोण. इथे चार रस्ता ते माशे असा २०१९ मध्ये झालेला बगलरस्ता आहे. तळपण आणि गालजीबाग या दोन्ही नद्यांवरून तो उंच पुलांनी जातो. वरून माडांचे शेंडे आणि नदीचं वळण दिसतं आणि प्रत्येकाला थांबावंसं वाटतं. थांबू नका. त्याऐवजी चावडी या काणकोणच्या बाजारगावातून जुन्या बाजूने उतरून गालजीबागच्या किनाऱ्याकडे जा. सुरूची बनं, नदीचं मुख, आणि मागे वळून बघितलं तर डोंगर. संध्याकाळचा मुख्य थांबा हाच धरा. ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात अशा गोव्यातल्या मोजक्या किनाऱ्यांपैकी हा एक आहे; घरट्यांभोवती वनखात्याचं कुंपण असेल तर लांब राहा, आणि अंधार पडल्यावर फ्लॅश किंवा बॅटरी वापरू नका. कासवांच्या पिल्लांना उजेडाने समुद्राची दिशा चुकते.

ऑगस्ट-सप्टेंबरात येत असाल तर लोलयेच्या सड्यासाठी दोन तास वेगळे काढा. जांभ्या दगडाचा उघडा माळ, त्यावर इंच-दोन इंच माती, आणि त्यात सीतेची आसवं, गेंद, कवला, तेरडा. फोटो काढायला पोटावर झोपावं लागतं. झोपण्याआधी जागा नीट बघा, फुलं चिरडली जाऊ नयेत आणि खाली फुरसं नसावं. पाय दगडावरच ठेवा. गाडी सड्यावर चढवणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन, एका चाकोरीत पुढच्या वर्षीचं बी मरतं.

पूर्वेकडचे रस्ते

बेळगाव-कोल्हापूरहून येणाऱ्यांसाठी दोन घाट आहेत. अनमोड घाटातून येणारा महामार्ग ७४८ मोले, फोंडा, जुनं गोवं करत पणजीला पोचतो. मोलेच्या अभयारण्यातून जाताना काचा वर, गाडी चालू. माकडांना खायला घालणं बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि सावर या रस्त्यावर फुलतात. मोलेजवळून आत तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर आहे, कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं. ते पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळीच जावं. दगड इतका गडद आहे की कॅमेरा फसतो आणि आकाश पांढरं करून टाकतो. दगडावरचा उजेड कॅमेऱ्याने मोजून मग तो थोडा कमी करा.

फोंड्याच्या पुढे मंगेशीची दीपमाळ आणि म्हार्दोळची म्हालसा दोन्ही रस्त्यालगत आहेत. बाणस्तारीचा पूल कुंभारजुव्याच्या कालव्यावर आहे, ज्यात मगरी आहेत. चवथीच्या आदल्या दिवसांत इथे माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या आराशीचा बाजार भरतो: रानातली फळं, कांगलां, माट्टुल्यो, घोसांनी सुपाऱ्या. रंगांसाठी असा बाजार दुसरीकडे मिळायचा नाही. जुन्या गोव्यात से कॅथेड्रल पूर्वाभिमुख आणि बॉम जेझूस पश्चिमाभिमुख, म्हणून पहिली इमारत सकाळी आणि दुसरी दुपारनंतर. बॉम जेझूसच्या भिंतीला बाहेरून गिलावा नाही, जांभा उघडा आहे, आणि उतरत्या उन्हात तो लालबुंद होतो.

दुसरा रस्ता चोर्ला घाटाचा, साखळी-केरीवरून. पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की दृश्य दिसेलच असं नाही. धुकं हाच विषय माना आणि जवळची झाडं घ्या. पावसाळ्यात वनखातं धबधब्यांवर जायला बंदी घालतं, निघण्याआधी तपासा. दूधसागरला रेल्वेरुळावरून चालत जाणं बेकायदा आहे.

थांबल्यावर

गाडीतल्या एसीने कॅमेरा गार झालेला असतो. दार उघडून तो दमट हवेत आणला की भिंगावर झटक्यात वाफ धरते, आणि पुसली तरी परत येते. पावसाळ्यात तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, तेवढ्यात उजेड गेलेला असतो. थांबा यायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि कॅमेऱ्याची पिशवी उघडी ठेवा. मोबाइललाही हेच लागू आहे.

उतरल्यावर पहिला फोटो लगेच काढा, मनातली घाई निघून जाते. मग कॅमेरा खाली ठेवून दोन मिनिटं फक्त बघा: काय हलतंय, काय परत परत येतंय. बगळा त्याच खुंटावर परत येतो, फेरी वीस-पंचवीस मिनिटांनी परत येते, पदेराची सायकल त्याच वळणावरून परत जाते. एकदा हुकलेली गोष्ट दुसऱ्यांदा नीट मिळते. हिरव्या शेतात आणि मिठागरात पोलरायझर लावा. पानांवरची पांढरी चमक जाते आणि खरा रंग दिसतो. पांढरी देवळं आणि चर्च कॅमेरा करडी दाखवतो, म्हणून उजेड अर्धा ते एक टप्पा वाढवा.

नियोजनाबाहेरचं काही दिसलं आणि थांबावंच वाटलं तर पुढच्या फाट्यावर उतरा आणि मागे या. गाडी बंद पडून महामार्गावर थांबावं लागलं तर पार्किंग दिवे, मागे त्रिकोण, सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभं राहणं. महामार्गाची मदत १०३३ वर, रुग्णवाहिका १०८, बाकी सगळ्यासाठी ११२.

कुणाच्या दारात उभे आहात

पणजीतल्या फोंतेंय्न्यसच्या रंगीत भिंती लोकांची घरं आहेत. पायऱ्यांवर बसून चाललेल्या फोटोंना कंटाळून तिथल्या रहिवाशांनी पाट्या लावल्या आहेत. रस्त्यावरून भिंतीचा फोटो घ्या, दारात बसू नका. शेतात, मिठागरात, मासळीच्या होडीजवळ माणूस असेल तर आधी बोला. ‘फोटो काडूं?’ एवढी कोंकणी पुरे, मराठीत विचारलं तरी सगळ्यांना कळतं. कुणी नको म्हटलं तर तिथेच विषय संपतो. देवळाच्या गाभाऱ्याचा फोटो नको. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते.

ड्रोन घेऊन येणाऱ्यांनी तो कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा बघितल्याशिवाय तो पिशवीतून काढू नये. दाबोळी नौदलाचा तळ आहे आणि झुआरी पूल तिथून लांब नाही. उत्तरेला मोपा विमानतळ धारगळच्या जवळ आहे. म्हणजे महामार्गावरचे दोन सगळ्यात मोहात पाडणारे भाग नेमके विमानतळांच्या आवाक्यात येतात. अभयारण्यांवरही ड्रोन उडवू नका.

परतीची तयारी

प्रत्येक थांब्यावरून निघताना मोबाइलमध्ये तीन ओळी लिहा: गाडी कुठे लावली, उजेड कुठून येत होता, पाणी भरतं होतं की ओसरतं. फोटोच्या माहितीत वेळ आपोआप नोंदली जाते, या तीन गोष्टी नाहीत. पोळ्याहून किंवा कारवारहून मागे फिरताना डावी बाजू समुद्राची असते. तेव्हा यादीतल्या पश्चिमेच्या खुणा काढा, आणि वेळ असेल तर काणकोणला मडगावचा सरळ रस्ता सोडून खोलच्या किल्ल्यावरून (काब द राम) बेतूलकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता धरा. किल्ल्याच्या पश्चिम तटावर कठडा सगळीकडे नाही. मुलं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसाने फोटो काढू नये, फक्त त्यांच्याकडे बघावं.